दिव्याच्या काचेवरचं कुंकू

सरांनी एखादी वस्तू सरळ हातात घेतली, असं मी कधी पाहिलं नाही. आधी ती उजेडाकडे धरायची, मग नखानं खरवडायची, मग नाकाशी न्यायची. एवढं करूनही समाधान झालं नाही तर दाताखाली. पेढा असो, लोकरीची शाल असो की पोराच्या आजारपणाची चिठ्ठी, सगळ्यांना हाच न्याय. तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या मराठी शाळेत ते गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी वहीवरची नजर न काढता एकच शब्द विचारायचे, "सबूत?" पोट दुखतंय म्हणून घरी जाऊ का, असं विचारलं तरी तोच शब्द. एकदा एका पोरानं सबूत म्हणून त्यांच्या टेबलापाशीच ओकारी केली. सरांनी चष्मा वर सरकवून ती नीट पाहिली आणि म्हणाले, "हे असली हाय. जाय घरी."

तेव्हा आम्ही हसायचो. आता मला हसू येत नाही, पण माणसाचं चित्र काढायचं तर हे सांगायला हवं.

आठवडी बाजारात सर आले की मध विकणाऱ्या बाया टोपली झाकून घ्यायच्या. सरांच्या खिशात कापसाची वात असायची. ती मधात बुडवून ते काडी लावायचे. पेटली तर मध असली, तडतडली तर त्यात पाणी. निकाल ते मोठ्यानं सांगायचे, अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असा. मध त्यांनी विकत घेतल्याचं मात्र मला आठवत नाही.

पुतणीच्या लग्नात तर कहर केला. वराकडून आलेल्या शालूच्या पदराचा एक धागा त्यांनी उपसला आणि मांडवातच जाळून पाहिला. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. या धाग्याचा गोळा झाला. तो गोळा तळहातावर घेऊन सर व्याह्यांसमोर उभे राहिले. लग्न झालं, कारण वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी मध्ये पडून दोन्हीकडच्यांना शांत केलं. पण त्या पोरीला सासरी तो धागा वर्षानुवर्षं ऐकून घ्यावा लागला. ती आजही माहेरी आली की काकांच्या गल्लीत वळत नाही. सरांना याचं काही वाटलं नाही. खरं ते खरं, असं म्हणून ते पंगतीला बसले आणि जिलबी बोटांनी मोडून पाहू लागले.

तरीही गाव त्यांना मानायचं, आणि त्याला कारण होतं. एका हंगामात गावात कपाशीचं बियाणं आलं होतं, पाकीट चकचकीत, भाव जरा कमी. सरांनी पाकिटाची शिवण पाहिली, छपाई पाहिली, चार दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि सांगितलं की हे पेरू नका. ज्यांनी ऐकलं त्यांचं शेत उभं राहिलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या शेतात नुसतं गवत. तेव्हापासून बियाणं घ्यायचं तर पाकीट आधी सरांच्या ओट्यावर जायचं. सरांनी मान हलवली की मगच ते पेरायचं. आमच्याकडे सरकारी शिक्क्यापेक्षा सरांची मान मोठी होती.

या मानेवरच माझं दुकान उभं राहिलं. आमचं घर भाजीपाला पिकवणारं. मी अदिलाबादला बस स्टँडजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं तेव्हा उद्घाटनाला सरांना बोलावलं. त्यांनी नारळ फोडायच्या आधी कानाशी हलवून पाहिला, मग आत येऊन फळ्यांवरचा माल एकेक करून तपासला. ब्रेकच्या पट्ट्या, बेअरिंग, फिल्टर. जमलेले लोक उन्हात ताटकळत होते. शेवटी बाहेर येऊन ते म्हणाले, "याचा माल मी पाह्यला. असली हाय." पाटीवर मी काय लिहिलंय ते कोणी वाचलं नाही. जीपवाले, ट्रॅक्टरवाले, कापसाच्या गाड्या हाकणारे, सगळे त्या एका वाक्यावर माझ्याकडे आले आणि येत राहिले. माझं जे काही नाव होतं ते सरांनी दिलेलं होतं. ते मी कधी विसरलो नाही, आणि सरांनीही मला विसरू दिलं नाही.

निवृत्तीनंतर सरांनी मंचेरियलच्या एका ठेकेदाराची जुनी परदेशी गाडी घेतली. लांबलचक, काळी, बसायला गादीसारखी. इंजिनापेक्षा त्यांना गाडीच्या दिव्यांचं कौतुक जास्त. दिवे झेनॉनचे होते. साध्या दिव्यात तार तापते, झेनॉनमध्ये तार नसते, वायू पेटतो, हे त्यांनी गावात भेटेल त्याला समजावून सांगितलं. गावाकडच्या जंगलातल्या रस्त्यावर रानडुकरं आडवी येतात आणि हंगामात कापसानं भरलेल्या बैलगाड्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. तिथं असा उजेड हवाच, असं ते म्हणायचे, आणि यात खोटं काही नव्हतं.

मग एका दिव्याचा उजेड गुलाबी-जांभळा पडू लागला. झेनॉनचा दिवा म्हातारा झाला की असंच होतं. सर दुकानात येऊन म्हणाले की गाडीच्या एका डोळ्यात फूल पडलंय, औषध दे. आणि तिथून आमची दिवा-निवड सुरू झाली.

असा दिवा माझ्या दुकानात कोण ठेवणार. मी हैदराबादहून नमुने मागवले. पहिला डबा सरांनी उघडलादेखील नाही. त्यावर छापलेला निळाशार झोत पाहूनच तो बाजूला सारला. "निळा उजेड पाहून भुलते ते गाढव," ते म्हणाले. "असली उजेड दुधावानी असते, जरासा पिवळसर." दुसऱ्या डब्यावरचं चमकणारं स्टिकर त्यांनी भिंगातून पाहिलं आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या दाखवल्या. दिव्याच्या बुडावर कंपनीचं नाव कोरलेलं असायला हवं, इथं ते शाईनं छापलेलं होतं. त्यांनी नख लावलं तसं ते निघून आलं. मी मान खाली घालून तो डबा परत पाठवला. हे सगळं ते मन लावून करायचे, आणि माझं गिऱ्हाईक खोळंबलं तरी मलाही ते पाहायला आवडायचं. खोटं कशाला म्हणू, त्या दिवसांत मी पुन्हा त्यांचा विद्यार्थी झालो होतो.

तिसरी जोडी मी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून मागवली. सरांनी कोरलेलं नाव पाहिलं, काचेच्या आतली नळी बरोबर मध्यावर आहे की नाही ते पाहिलं, बाजूनं जाणाऱ्या तारेवरची चिनीमातीची नळी पाहिली. स्टिकर खरवडून आतला आकडा त्यांनी स्वतःच्या फोनवर घातला, आणि कंपनीनं माल खरा असल्याचं कळवलं. सरांनी फोन माझ्यासमोर धरला, गिऱ्हाइकांनाही दाखवला. जाताना मला शिकवून गेले की दोन्ही दिवे एकदमच बदलायचे, एक डोळा म्हातारा आणि एक तरणा असं चालत नाही. आणि दुसरं, "काचेले बोट लावाचं नाई. बोटाचं तेल काचेवर राह्यते. तापलं का तिथंच तडकते." हे मला सरांनी सांगितलं, मी सरांना नाही. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दिवे लगेच बसवायचे नाहीत, दसऱ्याला पूजा करून मगच, असं सरांच्या घरात ठरलं. आमच्याकडे दसऱ्याला विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. त्या संध्याकाळी मी दरवर्षीसारखा सरांकडे सोनं द्यायला गेलो. सरांनी माझं आपट्याचं पान उजेडाकडे धरून ते कांचनाचं नाही ना हे पाहिलं, मग घेतलं. आत देवापुढे ताटात तांदळाची रास होती. तिच्यावर ते दोन दिवे उभे होते, डब्यातून काढलेले, शेजारी सरांची शाळेतली छडी आणि भिंग. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, समईच्या वाती सारता सारता उठल्या होत्या. त्याच तेलाच्या बोटांनी त्यांनी दोन्ही काचांना हळदकुंकवाची ओली बोटं लावलेली मला दिसली.

मी म्हटलं, सर, बसवायच्या आधी काच पुसून घ्या. सर म्हणाले की ते तुला शिकवलं कोणी. आणि स्पिरिटचा बोळा घ्यायला उठलेसुद्धा. तेवढ्यात काकूंनी ताटावर हात आडवा धरला. "कुंकू पुसाचं नाव काढू नका. सणाच्या दिवशी कोणी कुंकू पुसते काय?"

सर थांबले. ज्यांनी मांडवात शालूचा धागा जाळला, ते सर. त्यांनी एकदा काकूंच्या कपाळाकडे पाहिलं आणि बोळा खाली ठेवला. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बायकोच्या मनाला जपायला सबूत लागत नाही, हे सरांनाही ठाऊक आहे म्हणायचं, असं मनात आलं. आपट्याची पानं खिशात घालून मी घरी आलो.

दिवे तसेच बसवले गेले. काही दिवस सर खुशीत होते. मग एका तिन्हीसांजेला अदिलाबादहून परतताना उजवा दिवा गेला. त्या अर्ध्या काळोखात रस्त्याच्या कडेला उभी असलेली कापसाची बैलगाडी सरांना दिसली नाही. बैल सोडलेले होते म्हणून बरं. कुणाला लागलं नाही. बैलगाडीचा मागचा दांडा मोडला, कापूस रस्त्यावर पसरला, आणि सरांच्या काळ्या गाडीचा कोपरा आत गेला. माणसं जमली. ज्याच्या मानेवर गाव पेरणी करतं त्या माणसाला भर रस्त्यात कापूस गोळा करणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून सांगावं लागलं की त्यानं निवडलेला दिवा फुटला. मला वाटतं, सगळं तिथंच ठरलं. निवड चुकली म्हणावं तर ती सरांची. काचेला बोट लागलं म्हणावं तर ते सरांच्या घरातलं. उरलो मी.

बाजाराच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना सर आले. फुटलेला दिवा त्यांनी गल्ल्यावर ठेवला. उरलेली काच स्वच्छ पुसलेली होती, इतकी स्वच्छ की जळालेल्या दिव्याची काच तशी कधी नसते. मी तो बुडाला धरून उचलला. काच जिथं बुडात बसते त्या खाचेत, जिथं बोळा पोचत नाही, तिथं लाल कण अडकले होते.

सर मला उद्देशून बोललेच नाहीत, दुकानातल्या लोकांना उद्देशून बोलले. "डबा असली दाखवला, आत नकली भरला. माहाच विद्यार्थी, अन मलेच फसवून राह्यला."

मी म्हणालो, "सर, काचेवर कुंकू होतं."

"कोणतं कुंकू?"

मी खाच दाखवली. सरांनी पाहिलीच नाही. शाळेत वहीवरून नजर न काढता विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सबूत?"

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. मी पुढं काय बोलणार होतो? काकूंनी बोटं लावली, सर पुसायला निघाले होते, काकूंनीच अडवलं, हे भर बाजारात सांगायचं? म्हणजे गुरूला खोटं पाडायचं आणि काकूंना चव्हाट्यावर आणायचं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. लोकांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना हवा तसा लावला. एक ट्रॅक्टरवाला हातातलं फिल्टर हळूच फळीवर ठेवून निघून गेला. त्यानं ते किती जपून ठेवलं होतं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दोन-चार दिवसांनी, सर घरी नसताना, मी काकूंकडे गेलो. काकू तूर निवडत होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू म्हणतं ते मले मालूम हाय, बाबू. पण मी त्यायच्या विरुद्ध बाजारात उभी राहू काय?" त्यांनी मला चहा केला. तो पिऊन मी परत आलो. काकूंवर माझा राग नाही. रागवायला तिथं जागाच नव्हती.

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं. कोणी भांडलं नाही, कोणी पाटीवर दगड मारला नाही. आधी जीपवाले डबा उघडून पाहू लागले. मग डब्यातला भाग नखानं खरवडू लागले, सरांसारखा. मग यायचेच बंद झाले. लहानपणापासून ओळखणारी माणसं समोरच्या दुकानातून माल घेऊन माझ्याकडे न पाहता स्टँडकडे जायची. समोरच्या दुकानात काय विकलं जातं ते मला ठाऊक होतं. तिथं असली म्हणायला फक्त दुकानदाराचा फोटो होता. माझी बायको म्हणायची, जाऊन ओरडून सांगा एकदा. पण आमच्याकडे सरांच्या शब्दाला उत्तर देणारा शब्द अजून तयार व्हायचा आहे. मी भाजी पिकवून विकणाऱ्या घरातून आलेला माणूस, विश्वास वासावर चालतो एवढं मला कळतं. एकदा वास उतरला की उतरला.

उन्हाळ्यात निर्मल गावच्या एका दुकानदाराचा फोन आला. तो तेलुगू माणूस, मला अन्ना म्हणतो, आमची देवाणघेवाण जुनी. त्याला झेनॉनची जोडी हवी होती, तीच, त्याच जातीची, आणि असली हवी असं गिऱ्हाइकानं चारदा बजावलं होतं. मी अधिकृत विक्रेत्याकडूनच मागवली आणि बसनं त्याला पार्सल केली. गिऱ्हाईक कोण हे मी विचारलं नाही. पुढं त्यानंच सांगितलं. भिंग घेऊन एक म्हातारे सर आले होते, म्हणाला, त्यांनी माल तपासून त्याची पाठ थोपटली. काही दिवसांत माझ्याच रस्त्यावर, माझ्याच दुकानासमोर उभे राहून लोक एकमेकांना सांगू लागले की असली माल हवा तर निर्मलला जा, सरांनी पाहिलाय.

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? माझं नाव लागलं की तो दिवा त्याच क्षणी नकली झाला असता. शिवाय तो निर्मलचा बिचारा फुकटच मेला असता.

दसरा आला. बायको म्हणाली, या वर्षी जाऊ नका. मलाही जायचं नव्हतं. पण गावात दरवर्षी जाणारा मी एकटा नव्हतो, आणि मी गेलो नाही तर लोक त्याला कबुलीच समजले असते. म्हणून गेलो.

सर ओसरीत बसले होते. वागण्यात काडीचाही फरक नाही. ये म्हणाले, बस म्हणाले. नवे दिवे गाडीत बसवून झाले होते, पण जोडीतला एक सणापुरता काढून पूजेला ठेवायचा होता. तो त्यांनी रुमालात धरून आणला होता. रुमालासकट तो माझ्यापुढे धरून म्हणाले, पाहून ठेव, असली असा असते. मी पाहिला. बुडावर कोरलेलं नाव, मध्यावर बसलेली नळी. माझ्या हातून गेलेला दिवा मला ओळखू आला नसता, सगळे असली दिवे सारखेच दिसतात. पण तो कुठून आला हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "असली आहे, सर."

आतून काकू हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. मला पाहून त्या दारातच अडखळल्या. सरांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, दिव्याकडे होतं. ते सहज म्हणाले, "काचेले नको लावू, डब्याले लाव. मागच्या खेपेले काचेले लावलं अन फुटला, इसरली काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खाली वाकून रिकाम्या डब्याला कुंकू लावलं. सरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असेल तर चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी थांबलो. एवढ्या महिन्यांनी ते आता काहीतरी म्हणतील, निदान नजर तरी खाली जाईल, अशी आशा मी अजून धरून होतो, आणि या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

सरांनी हात पुढं केला. मी सोनं त्यांच्या हातावर ठेवलं आणि दरवर्षीसारखा पायाशी वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धंदा इमानानं करत जाय, बाबू."